वलांडीवरच्या शेंगा

गिरगावच्या चौपाटीला लागून कोळ्यांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत गुणवंतीचं नाक प्रसिद्ध होतं. दिसायला त्यात काही नव्हतं. जरासं बसकं, डावीकडे एक मोरणी, एवढंच. पण काम असं करायचं की पाटी होडीतून खाली उतरायच्या आधीच ती वाळूत उभी राहून सांगायची, "वरची कोलंबी आजची हाय, खालची कालची. खालची तुज्या सासूला घाल." होडीवाला शिव्या देत पाटी उलटी करायचा, आणि खालची कोलंबी खरंच कालची निघायची.

मासा डोळ्यांना फसवतो. कल्ल्याला लाल रंग लावणारे असतात, अंगावर पाणी मारून चकाकी आणणारे असतात. वसईकडून उन्हातान्हात आलेला माल ताजा म्हणून खपवणारे तर पैशाला पासरी. नाकापुढे मात्र यातलं काही चालत नाही. म्हणून ठाकूरद्वारच्या नाक्यावर गुणवंती पाटी लावून बसली की गिऱ्हाईक मासा उलटूनही पाहत नसे. गुणवंतीचा मासा म्हणजे झालं.

ती डोक्यावर पाटी घेऊन निघाली की रस्त्यानं जाणारी शिकलेली माणसं नाकाला उपरणं लावायची. त्यातल्या निम्म्यांच्या घरी दुपारी तोच मासा शिजायचा आणि तेव्हा हीच माणसं बोटं चाटायची. मासा चालतो, मासा आणणारी बाई चालत नाही! असल्यांच्या तोंडावर जे असतं त्यालाही नाक म्हणायचं आणि गुणवंतीच्या तोंडावर होतं त्यालाही नाकच म्हणायचं, हा निव्वळ अन्याय आहे.

तर हे नाक गेलं.

सन अठराशे नव्वदच्या सुरुवातीला मुंबईत तो नवा विलायती ताप आला, साहेबाच्या बंगल्यात शिरला तसा कोळ्याच्या झोपडीतही शिरला. गुणवंती चांगली तावून सुलाखून उठली. उठल्यावर चुलीवर कालवण ठेवलं आणि शेजारीच जाळं विणत बसली. कालवण करपलं, काळं झालं, धूर झाला, शेजारची पुतळाबाई धावत आली आणि ओरडली, "अगो, घर पेटवतंस काय?" तेव्हा कुठे गुणवंतीनं मान वर केली. तिला वास आलाच नव्हता. त्या दिवसापासून कशाचाच आला नाही.

वैद्यानं काढे दिले. मग ती लपतछपत दवाखान्यात गेली. तिथला डॉक्टर हसून म्हणाला, "मच्छीवालीला वास येत नाही? मग बरंच झालं की बाई तुझं!" बाकीचे दात काढून हसले. या विनोदाबद्दल त्याला कुणीतरी सडक्या मुशीनं थोबाडायला हवं होतं. राहून गेलं.

गुणवंतीनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगून करणार काय? नाक गेलेली कोळीण आणि गळा गेलेला कीर्तनकार यांना कोण विचारतो? ती किनाऱ्यावर पुतळाबाईच्या मागे उभी राहायची. पुतळाबाई ज्या पाटीला हात लावील तिच्या शेजारची पाटी उचलायची. बोटानं मासा दाबून पाहायची, डोळे पाहायची, आणि सवयीनं नाक फुगवून "हां" म्हणायची. नाक फुगवताना तिला स्वतःचीच लाज वाटायची.

असं किती दिवस निभणार? एकदा ठाकूरद्वारच्या कालिंदीबाई भर दुपारी स्वतः नाक्यावर आल्या. प्रभूंच्या घरातली बाई, नवरा शरच्चंद्र सरकारी कचेरीत कारकून, आणि घरात सगळे माशाचे दर्दी. कालिंदीबाईंनी पदराआडून एक वाडगा काढला आणि हळूच पाटीत ठेवला.

"गुणवंती, ही सकाळची कोलंबी. जरा हुंगून बघ."

गुणवंतीनं वाडगा नाकाशी नेला. कालिंदीबाईंचा चेहरा पाहिला आणि सगळं समजली.

"बाय, चूक झाली."

"चूक तुझी होत नाही गं कधी. म्हणून तर चार बायकांत बोलले नाही. पण सासूबाई म्हणतात, दुसरी कोळीण बघ. मी म्हटलं, एकदा होतं. पुन्हा झालं तर मला त्यांच्यापुढे तोंड राहणार नाही, हो."

त्या गेल्यावर गुणवंती रिकाम्या पाटीपुढे बसून राहिली. आईनं हीच जागा दिली होती, आईला तिच्या आईनं. ती आता जाणार, हे तिला दिसत होतं. आणि त्यात नवरा घरी यायचा होता.

नवरा लहू. जातीचा कोळी, पण होडी सोडून आगबोटीवर खलाशी झालेला. वर्ष वर्ष समुद्रावर असायचा आणि आला की बायकोसाठी काहीतरी घेऊन यायचा. एकदा शंख आणला, एकदा पोपट. पोपट फ्रेंच भाषेत शिव्या द्यायचा म्हणून पुतळाबाईनं त्याला सोडून दिला. शिव्या कळत नव्हत्या, पण सूर कळत होता म्हणे.

दिवाळीनंतर लहू आला. दिवेलागणीला अंगणात बसून त्यानं पेटीतून बिस्कुटाचा एक पत्र्याचा डबा काढला आणि तो मांडीवर घेऊन असा बसला की जणू बारशाचं पोर.

"डोळे मीट."

"कशाला?"

"मीट गो. नाकाचं काम हाय, डोळ्याचं न्हवे."

गुणवंती पुढे सरकून बसली. तिनं डोळे मिटले. नाकाशी काहीतरी मऊ, चिवट लागलं. तिनं श्वास ओढला. आत नुसती हवा गेली, बिनरंगाची, बिनचवीची. तिनं पापणीच्या फटीतून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, भुवया वर गेल्या होत्या.

"अगो बाय!" ती म्हणाली. "हे काय हाय?"

लहू खूश झाला. "वनीला! साहेबलोकांच्या बर्फाच्या मिठाईत घालतात ना, तो. सगळ्या बोटीवर सांगत आलोय, माज्या बायकोच्या नाकाला दाखवल्याबिगर मी याची किंमत मानणार नाय."

तिनं डोळे उघडले. डब्यात काळ्या, सुरकुतल्या, तेलकट शेंगा होत्या. गवार वाळवून काळी करावी तशा, पण वीतभर लांब. वेगवेगळ्या दोऱ्यांनी जुड्या बांधलेल्या.

"ही लांब, बारीक जुडी मेक्सिकोची. वेलीचं माहेर ते. एका फिरंगी बोटीवरच्या आचाऱ्यानं दिली, त्याचं जाळं सांधून दिलं म्हनून. हुंग. कसा? काकवीत लवंग पडल्यासारखा ना?"

"लवंगच," गुणवंती म्हणाली.

"आनि ही बुरबोंची. आपली मोरस साखर येते ना, त्या मोरस बेटाच्या पलीकडं फ्रेंचांचं बेट हाय. ही गोड. दूध आटवून साय धरते, तसा वास. आता तिथनं वेल मादागास्करला गेलाय, शेशेलच्या बेटांवर गेलाय. वेल तोच, पन बेट बदललं की वास हलतो. मासा नाय का? वरळीचा बोंबील नि वसईचा बोंबील, तुना डोळे झाकून कळतो."

"कळतो की," ती म्हणाली.

"आनि ही ताहितीची. जगाच्या पार पाठीमागं हाय ते बेट. बघ, बुटकी, जाड, ओलसर. हिच्यात बडीशेप हाय, फुलंबी हायत. तुना कोनची आवडली?"

गुणवंतीनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. बुरबोंचं सांगताना ते सगळ्यात जास्त चमकले होते.

"सायवाली."

"मना ठाऊकच होतं!" लहूनं मांडीवर थाप मारली. मग त्याला गप्प करायला कुणाच्या बापाची ताकद नव्हती. वेल मेक्सिकोतून बाहेर नेला तेव्हा तो वाढला, फुलला, पण शेंग धरेना. तिकडची एक माशी फुलाचं काम करते, ती माशी दुसरीकडे कुठे नाही. "मग मानसानं माशी व्हायचं. फूल पहाटे उघडतं, दुपारी मरतं. तेवढ्यात त्याचं लगीन लावायचं. फुलात नवराबी असतो, नवरीबी असते, आनि मधी एक पातळ पडदा. अंतरपाटच समज. बाया बांबूची काडी घेऊन फिरतात, पडदा वर उचलतात आनि अंगठ्यानं दोघांना चिकटवतात. एकेका बाईनं सकाळभर लग्नंच लावायची."

"आनि हे कोन्या साहेबानं शोधलं?"

"साहेबानं? साहेब डोकं खाजवत बसले होते. एका गुलाम पोरानं शोधलं. त्याच्या अंगठ्यावर सगळं बेट श्रीमंत झालं. तो म्हातारा होऊन कंगाल मेला."

श्रीमंतीची बेटं सगळीकडे अशीच उभी राहतात. गुणवंती "मेल्यांनो" एवढंच म्हणाली, आणि ते पुरेसं होतं.

"हिरव्या शेंगेला काय वास नसतो," लहू सांगत होता. "ऊन पान्यात बुडवतात, घोंगडीत गुंडाळून घाम काढतात, मग रोज थोडं थोडं ऊन देतात. कितीतरी दिवस."

"म्हंजे आपल्या बोंबलावानीच."

"तसंच गो!" लहू हसला. तो हसला आणि फसला, पण ते पुढे कळायचं होतं.

पुढचे दिवस गुणवंतीचे चोराचे गेले. लहू जेवताना विचारायचा, "आज हुंगलीस?" ती म्हणायची, "हुंगली ना." त्याला पुन्हा बोटीवर जायचं होतं, नाव लिहायला बंदरावर चकरा चालल्या होत्या. तो एकदा गेला की निदान घरातलं खोटं संपेल, असं तिच्या मनात यायचं. आणि तो जाऊ नये असंही त्याच मनात यायचं.

एक दिवस तो सकाळीच माजगावला गेला. गुणवंतीनं डबा पुसायला काढला आणि झाकण उघडलं. मेक्सिकोच्या आणि बुरबोंच्या शेंगांवर पांढरं आलं होतं. बारीक बारीक, केसांसारखं. ताहितीच्या तेवढ्या काळ्या राहिल्या होत्या.

बुरशी! जगाच्या पाठीवरून माणसानं आपल्यासाठी आणलं आणि आपण डब्यात कोंडून नासवलं! वस्तीतली कुठलीही बाई अशा वेळी पहिल्यांदा एकच करील. वस्तू नाकाला लावील. बुरशीला कुबट वास येतो, तो लपत नाही. गुणवंतीचा हात सवयीनं वर गेला, नाकापर्यंत पोचला, आणि तिथून तसाच खाली आला.

मग तिनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं असतं. बोंबील ओला राहिला, पांढरा पडायला लागला, तर काय करतात? ती शेंगा घेऊन समुद्रावर गेली. खाऱ्या पाण्यात एकेक शेंग चोळून चोळून धुतली. पांढरं सगळं गेलं. बोंबील वाळत घालताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. शेंगेला जबडा नव्हता, म्हणून तिनं दोऱ्यानं दोन दोन शेंगांची टोकं बांधली. आणि बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या वलांडीवर, ऐन बोंबलांच्या मधोमध, चांगलं ऊन लागेल अशा जागी, लहूची बेटं वाळत घातली. ताहितीच्या शेंगांना काही झालं नव्हतं, त्या डब्यातच राहिल्या.

काम झाल्यावर तिला बरं वाटलं. निदान एक गोष्ट आपण वाचवली.

दुपारी वस्तीत कुजबुज झाली. पोरं वलांडीखाली गोळा झाली. पुतळाबाई आली, उभी राहिली, आणि मोठ्यानं म्हणाली, "गुणवंते, बोंबलांचं लगीन लावलंस काय गो? हलवायाच्या दुकानात मासळी मेल्यागत वास सुटलाय! माज्या जन्मात असला वास नाय आला."

गुणवंती हसली.

तेवढ्यात लहू आला. लांबूनच त्याची पावलं मंदावली. त्यानं हवेत नाक वर केलं, मग वलांडीकडे पाहिलं, मग धावला.

"हे काय केलंस?"

"बुरशी आली होती. धुऊन टाकली. तुमीच म्हनालात ना, रोज थोडं ऊन—"

"बुरशी!" लहूनं एक जोडी ओढून काढली, नाकाला लावली, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "खारं पानी... अगो, ते दव होतं! शेंगेतला वासच गोठून बाहेर येतो, सुयांसारखा. ज्या शेंगेवर ते येतं ती राजाच्या ताटात जाते. आनि तू बोंबलाशेजारी... बुरशी नि ते दव यात काय फरक नाय? पोरसुदा सांगेल! नुसतं नाकाजवळ धरलं असतंस तरी..."

तो थांबला.

वलांडीवर बोंबील वाऱ्यानं हलत होते आणि मधे त्या काळ्या जोड्या हलत होत्या.

"गुणवंती," लहू हळू आवाजात म्हणाला, "तुना वास येत नाय."

ती रडली असती तर गोष्ट सोपी झाली असती. ती उसळली.

"नाय येत! तापात गेला. काय करनार? कालवन जळतं ते कळत नाय, स्वतःच्या घामाचा वास कळत नाय. तुमी आनलेलं ते राजाचं का काय, मना त्यात नि चिखलात फरक नाय! तुमचं तोंड बघून मी लवंग म्हनत होते, साय म्हनत होते. टाका घराभायेर! नाक नसलेली कोळीन कशाला पोसता?"

"गप!" लहू इतक्या जोरानं ओरडला की पोरं पळाली. मग तो तिथंच वाळूत बसला. हातातली शेंग फिरवत राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "आनि एकटीच किनाऱ्यावर जात होतीस? नाक नसताना?"

"मग काय करू?"

"मी बोटीवर हसत होतो. बायकोचं नाक, बायकोचं नाक करत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बोट येत्या बुधवारी सुटते. नाव लिवून आलोय."

"मग जावा."

"हां," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गुणवंती पाटी घेऊन निघाली तर हा मागे. किनाऱ्यावर मासा मारायचा पुरुषानं आणि विकायचा बाईनं, ही रीत. बायकांच्या घोळक्यात पाटी हुंगत फिरणारा पुरुष त्या वाळूनं कधी पाहिला नव्हता.

"लहूदादा, लुगडं नेसायचं राहिलं काय रे?" एकीनं टोला हाणला.

"नेसतो की. तुजं देतंस?" लहू म्हणाला आणि पहिल्या पाटीवर वाकला.

गुणवंती लाजेनं अर्धी झाली होती. ती पुटपुटली, "तुमाला काय कळनार? आगबोटीवर कोळसा हुंगत होतात."

"मना नाय कळत. तुना कळतं. मी काय येतं ते सांगतो, तू काय हाय ते सांग."

"काय येतं?"

"ओल्या लोखंडावानी. आनि मागनं काकडी."

गुणवंतीचे डोळे बारीक झाले. "ताजी. उचला. ही?"

"हिला गोड येतो. जरा जास्तच गोड."

"सोडा. गोड आला की गेला मासा. ही?"

"हिला... थांब हां. ही पावसात भिजलेल्या गोणपाटासारखी."

"उन्हात ऱ्हायलीय ती. वसईची असनार." तिनं होडीवाल्याकडे पाहिलं. "काय रे, वसईची ना?"

होडीवाल्यानं मान खाली घातली. आणि गुणवंतीच्या तोंडावर, विलायती ताप आला त्या दिवसापासून जे नव्हतं, ते आलं.

बुधवारी बोट सुटली. लहूच्या जागी दुसरा कुणी गेला असेल. जगात खलाशी काय कमी आहेत?

ठाकूरद्वारच्या नाक्यावर मात्र जत्रा झाली. पाटीमागे नवरा-बायको दोघं बसलेली! येणारे-जाणारे हसून जायचे. नाकाला उपरणं लावणारे थांबून पाहायचे, म्हणजे उपरणं लावायचं विसरायचे. कालिंदीबाई आल्या. गुणवंतीनं आधीच सांगून टाकलं, सगळं, तापापासून.

"म्हणजे आता हुंगणार हे?" कालिंदीबाईंनी लहूकडे बोट केलं.

"हुंगनार हे. वळखनार मी."

"आणि सासूबाईंना मी काय सांगू?"

"सांगा, गुनवंतीचं नाक आता खाली बसतं, शेजारी."

कालिंदीबाई हसल्या, कोलंबी घेतली, आणि जाताना पाटीच्या कडेला ठेवलेल्या सुक्या बोंबलांकडे पाहून थबकल्या. "यांना कसला वास येतोय?"

लहूचं तोंड पडलं. "ते विकायचं नाय बाय. ते जरा..."

"मेक्सिकोचं हाय," गुणवंती म्हणाली.

कालिंदीबाईंनी एक जोडी उचलली, हुंगली, पुन्हा हुंगली. "आमच्या ह्यांना आज रात्री हे वाढते आणि विचारते, ओळखा पाहू. घरात रोज फार शहाणपण चालतं त्यांचं." आणि पदराखाली धरून घेऊन गेल्या. त्या बोंबलांचं पुढे काय झालं हे शरच्चंद्रांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी पाटी धुऊन झाल्यावर गुणवंतीनं बिस्कुटाचा डबा काढला. ताहितीची एक शेंग घेतली, अंबाड्यात फुलांच्या वेणीखाली खोचली आणि लहूसमोर पाठ करून बसली.

"काय येतं?" तिनं विचारलं.

लहू वाकला. डोळे मिटून हुंगत राहिला.

"सांगा ना. मना काय कळनार?"

"बडीशेप," तो म्हणाला. "शेवंती. नि खाली थोडा मासा."

"ताजा का शिळा?"

"ताजा."

"मग ऱ्हाऊ दे," गुणवंती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तशीच ठाकूरद्वारला गेली.